गावात एकाच कंपनीची रेंज असली की मक्तेदारी झाली का?

प्रश्न पाटोदा तालुक्यातून आलाय. थोडक्यात असा: ‘आमच्या गावात एकाच कंपनीची रेंज येते. दुसऱ्या कुणाचं सिम घेतलं तर बोलायला वेशीपर्यंत जावं लागतं. त्यात जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी एका आठवड्यात रिचार्ज वाढवले. मग ही मक्तेदारी नाही तर काय? ट्राय आणि स्पर्धा आयोग नेमकं मोजतात तरी काय? तक्रार केली तर ऐकतील का?’

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी मूळ अंबाजोगाईचा. बरीच वर्षं एका मोबाइल कंपनीच्या दरपत्रक आणि नियमन विभागात काढली, आता सल्लागार म्हणून तीच कामं करतो. म्हणजे नियामकाला (दूरसंचारसाठी ट्राय, बाजारातल्या स्पर्धेसाठी स्पर्धा आयोग) पाठवायची कागदं मी कंपनीच्या बाजूनंही लिहिलेली आहेत. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. गावात एकच कंपनी असणं हा एक. तिघांनी मिळून (की एकामागून एक?) दर वाढवणं हा दुसरा. आणि यातलं कुठलं कुणाकडे न्यायचं, हा तिसरा. गावाकडे बोलताना आपण तिन्हीला ‘मक्तेदारी’ म्हणतो, पण नियामकाच्या टेबलावर ही तीन वेगळी प्रकरणं होतात आणि तिन्हींचं उत्तर एक येत नाही.

सुरुवात बाजाराच्या हद्दीपासून. कुणाची किती ताकद आहे हे मोजायच्या आधी ‘बाजार’ कुठून कुठपर्यंत, हे ठरवावं लागतं. निम्मं भांडण इथंच संपतं. मोंढ्यातलं उदाहरण घ्या. समजा उदगीरच्या मोंढ्यात खरेदीदारांनी सोयाबीनचा भाव शे-दोनशेनं पाडला. शेतकऱ्यानं टेम्पोभाडं धरून हिशेब केला आणि लातूरला माल नेणं परवडलं, तर लातूर आणि उदगीर हे दोन वेगळे बाजार नाहीत, एकच आहेत. भाडं त्याहून जास्त पडत असेल तर उदगीर आपल्यापुरता वेगळा बाजार. नियामकही हेच करतात, फक्त उलट बाजूनं. एखाद्यानं भाव पाच-दहा टक्क्यांनी वाढवून तसाच ठेवला, तर पुरेसं गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल का? जात असेल तर ते ‘दुसरीकडे’सुद्धा याच बाजारात धरायचं.

भारतात मोबाइलसाठी ही हद्द बहुतेक वेळा सर्कलची, म्हणजे मोबाइल परवान्यासाठी पाडलेल्या विभागाची धरतात. देशात 22 सर्कल आहेत. आपलं सर्कल म्हणजे मुंबई, नवी मुंबई, कल्याण वगळून सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. पाटोदा, पुणे, गडचिरोली आणि पणजी, सगळे एका बाजारात! पहिल्यांदा ऐकल्यावर कुणालाही हसू येतं. तुम्ही काही पणजीच्या टॉवरवरून बोलणार नाही.

तरी या रेषेमागे एक कारण आहे, आणि मला ते बऱ्यापैकी पटतं. परवाना आणि स्पेक्ट्रम (मोबाइलसाठीच्या रेडिओ लहरींचा पट्टा) सर्कलनिहाय मिळतं, ही वरवरची गोष्ट. खरी गोष्ट दरांची आहे. कंपनी सर्कलभर एकच दरपत्रक लावते. पाटोद्यात तुम्ही एकटे तिच्या हातात सापडलेले आहात म्हणून ती तुमच्यासाठी वेगळा महाग रिचार्ज काढत नाही. पुण्यात तिला दुसऱ्या दोघांशी झुंजायचं असतं, म्हणून जो दर तिथं लावावा लागतो तोच तुम्हाला मिळतो. पुण्यातली स्पर्धा तुमचा दर राखते. (एखाद्याच ग्राहकाला एसएमएसनं गुपचूप दिलेली सवलत हा अपवाद. तिच्यावरून ट्राय आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडल्यात.)

पण पुण्यातली स्पर्धा तुमची रेंज राखत नाही. दर सर्कलभर एक असतो, सेवा मात्र टॉवरगणिक बदलते. बालाघाटच्या डोंगरात माझा एक आतेभाऊ राहतो. त्याच्या घरी फोन ठेवायची जागा ठरलेली आहे. ओसरीच्या तिसऱ्या खांबाला खिळा, खिळ्याला प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फोन. तिथंच कांडी दिसते. फोन वाजला की पिशवीतच स्पीकर लावून बोलायचं, खाली काढला की कट. ओटीपी आला की पोरगं पिशवीत डोकं घालून आकडे ओरडून सांगतं. सर्कलच्या सरासरीत ही पिशवी कुठंच दिसत नाही. तुमची तक्रार खरी असूनही मक्तेदारीच्या चौकटीत बसत नाही, ती या फटीमुळे.

आता ताकद कशी मोजतात ते बघू. पहिलं माप बाजारातला वाटा. ट्रायच्या फेब्रुवारी 2018 च्या दर-आदेशात सर्कलमधल्या एकूण ग्राहकसंख्येच्या किंवा एकूण महसुलाच्या 30 टक्के वाटा असला की ती कंपनी ‘लक्षणीय बाजारशक्ती’ असलेली, असं धरलं होतं. आधीच्या व्याख्येत कॉलची वाहतूक आणि स्विचिंग क्षमताही मोजली जायची, ती काढून टाकली. यावरून मोठा गदारोळ झाला. कारण त्या काळात ग्राहक कमी पण डेटाची वाहतूक प्रचंड अशी एक नवी कंपनी (जिओ) बाजारात होती, आणि वाहतूक वगळल्याचा फायदा तिलाच झाला असा जुन्यांचा आरोप होता. शेवटी डिसेंबर 2018 मध्ये टीडीसॅट या दूरसंचार लवादानं बाजारशक्ती आणि मारक स्वस्ताईच्या (प्रतिस्पर्ध्याला संपवायला तोट्यात विकण्याच्या) त्या तरतुदी रद्द ठरवल्या आणि वाद वर गेला. मोजपट्टी कोणती घ्यायची हाच कसा लढाईचा विषय होतो, ते यातून कळेल.

मोजपट्टीवरून माझीही एकदा चांगली फजिती झाली होती. नोकरीच्या सुरुवातीला मी सर्कलच्या वाट्याचा तक्ता करून साहेबांपुढं ठेवला. त्यांनी एकच विचारलं, ‘ही सिमं आहेत का माणसं?’ मी विकलेली सिमं मोजली होती. त्यातली कित्येक ड्रॉवरमध्ये पडून असतात, कित्येक फोनच्या दुसऱ्या खाचेत नुसती अडकवलेली असतात. नेटवर्कवर खरोखर जिवंत असलेली जोडणी वेगळी मोजावी लागते. ट्रायच्या मासिक अहवालात हे सक्रिय जोडण्यांचे आकडे वेगळे येतात. एकूण जोडण्यांत बीएसएनएल जेवढी दिसते त्यापेक्षा सक्रिय जोडण्यांत बरीच लहान दिसते. आणि महसुलानं मोजलं तर चित्र तिसरंच निघतं.

दुसरं माप एकवटलेपणाचं, म्हणजे बाजार किती थोड्या हातांत आहे याचं. प्रत्येकाच्या वाट्याचा वर्ग करायचा आणि बेरीज करायची. अलीकडचे देशपातळीचे वाटे गोळाबेरजेनं जिओ 40, एअरटेल 33, व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) 18 आणि बीएसएनएल 8 टक्के धरा. वर्ग होतात 1600, 1089, 324 आणि 64. बेरीज 3077. सारख्या ताकदीच्या चार कंपन्या असत्या तर 2500 आली असती, बारा असत्या तर साधारण 833. अमेरिकेतल्या 2023 च्या विलीनीकरण मार्गदर्शिकेत 1800 च्या वरचा बाजार फार एकवटलेला मानतात. म्हणजे आपला बाजार एकवटलेला आहे यात शंका नाही. पण एकवटलेला असणं आपल्याकडे गुन्हा नाही.

कायदा काय म्हणतो? 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 4 वर्चस्वाला हरकत घेत नाही, वर्चस्वाच्या गैरवापराला घेतं. आणि वर्चस्व आहे का हे ठरवताना कलम 19(4) मधल्या 13 गोष्टी बघायच्या असतात. वाटा ही त्यातली फक्त पहिली. बाकी प्रतिस्पर्धी केवढे आहेत, ग्राहक किती अवलंबून आहे, नव्यानं शिरायला अडथळे किती, असं बरंच आहे. युरोपातही 40 टक्क्यांच्या खाली एकट्याचं वर्चस्व सहसा धरत नाहीत.

2017 चं प्रकरण याचा नमुना आहे. जिओ 5 सप्टेंबर 2016 ला सुरू झाली, आधी डिसेंबरअखेर आणि मग मार्च 2017 पर्यंत सेवा फुकट. एअरटेल स्पर्धा आयोगाकडे गेली: तोट्यात विकून आम्हाला मारतायत. आयोगानं बाजार धरला तो वायरलेस सेवेचा, 22 सर्कलमध्ये प्रत्येकी वेगळा. आणि म्हटलं की जिओचा वाटा 7 टक्क्यांहूनही कमी आहे, वर्चस्व नाही, मग गैरवापराचा प्रश्नच येत नाही. प्रकरण चौकशीआधीच बंद.

निकालाच्या तारखेला हे कायद्याला धरून होतं. पण मला त्यात एक गोष्ट खटकत आली आहे. वाटा हा कालचा हिशेब असतो. विहिरीला आज पाणी किती आहे ते मोजलं, झरा किती मोठा आहे ते नाही. कंपनीच्या मागं उभं असलेलं भांडवल, उचललेलं स्पेक्ट्रम, वाहतुकीतला हिस्सा, हे सगळं त्या 13 गोष्टींत बसतं. त्याला जास्त वजन द्यायला हवं होतं, असं माझं मत. यावर माझ्याच धंद्यातले निम्मे लोक माझ्याशी भांडतील.

नव्यानं शिरण्याच्या अडथळ्यांबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही ते डोळ्यांनी बघितलंय. बसस्टँडसमोरच्या पानटपऱ्यांवर पूर्वी आयडिया, एअरसेल, डोकोमो, युनिनॉर अशा किती रंगांच्या पाट्या होत्या आठवा. 2009 मध्ये टाटा डोकोमोनं कॉलला सेकंदाचा हिशेब आणला आणि सगळ्यांना तिचं अनुकरण करावं लागलं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 122 परवाने रद्द केले, पुढं काही बुडाले, काही विकले गेले, आणि ऑगस्ट 2018 मध्ये व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. आज नवीन कुणी यायचं म्हटलं तर स्पेक्ट्रमपासून टॉवरपर्यंत एवढा पैसा ओतावा लागेल की कुणी दारही वाजवत नाही. दर वाढवताना भीती असते ती ‘उद्या कुणीतरी स्वस्तात येईल’ याची. ती भीती गेली की वाट्याचे आकडे काहीही असोत, ताकद येतेच.

म्हणूनच तुमचा दुसरा प्रश्न, जुलै 2024 चा, मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तारखा बघा. जिओनं 27 जूनला जाहीर केलं, एअरटेल आणि व्हीआयनं 28 ला. लागू झालं 3 आणि 4 जुलैला. जिओचा 155 चा रिचार्ज 189 झाला, एअरटेल आणि व्हीआयचा 179 चा 199. कुणालाही वाटेल की आधी बसून ठरवलं. पण कायद्याला ‘वाटणं’ पुरत नाही, संगनमताचा पुरावा लागतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तसं काही झालं असेल तर ते कलम 3 खाली येतं. पण मोबाइलचे दर उघड बोलीसारखे असतात. एकानं जाहीर केला की दुसऱ्याला तासाभरात कळतो, आणि तो आपल्या फायद्याचा हिशेब करून मागं जातो. तिघंच खेळाडू असले की रुमालाची गरज उरत नाही. मी स्वतः अशा आठवड्यांत कचेरीत बसलोय. समोरच्याचा दर जाहीर झाला की आमच्याकडे एकच चर्चा असायची: मागं जायचं की दोन महिने थांबून त्याची गिऱ्हाइकं ओढायची? पूर्वी बऱ्याचदा ‘ओढायची’ असं ठरायचं.

ट्राय दर का ठरवून देत नाही, हेही विचारतात लोक. काही ठरावीक सेवा सोडल्या तर 2002-03 नंतर दर बाजारावर सोडलेले आहेत. कंपनीनं दर लागू करायचा आणि सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवायचा, एवढंच बंधन.

आता मघाचा पाच-दहा टक्क्यांचा प्रश्न इथं लावून बघू, कारण जुलै 2024 नं तो प्रयोग प्रत्यक्षातच करून दाखवला. दर अकरा ते पंचवीस टक्क्यांनी वाढले. लोक गेले का? गेले. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे 29 लाख ग्राहक वाढले. जिओचे जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत सुमारे 49 कोटींतले 1 कोटी 9 लाख कमी झाले, म्हणजे शेकडा दोनच्या आसपास. पण त्याच तिमाहीत दर ग्राहकामागचं मासिक उत्पन्न 181.70 वरून 195.10 रुपयांवर गेलं, म्हणजे शेकडा सातनं वर. गिऱ्हाईक दोन टक्के गेलं, उरलेल्यांकडून सात टक्के जास्त आले. वाढ पचली. एकट्या कंपनीबद्दल यावरून काही सिद्ध होत नाही, कारण बाकीच्या दोघांनीही वाढवले होते. पण तिघं मिळून ताकदवान आहेत, हे सांगायला याहून साधा हिशेब नको.

आणि आपला कायदा इथंच थांबतो. कलम 4 ‘एक उद्योग किंवा एक समूह’ याच्याच वर्चस्वाबद्दल बोलतं. समूह म्हणजे एकाच मालकीच्या, एकाच नियंत्रणाखालच्या कंपन्या. तीन स्वतंत्र कंपन्यांचं सामूहिक वर्चस्व ही कल्पना युरोपच्या कायद्यात आहे, आपल्याकडे आयोगानं ती कायद्यात नाही म्हणून नाकारलेली आहे. रुमाल सापडत नाही म्हणून कलम 3 लागत नाही, आणि एकटा कुणी पुरेसा मोठा ठरत नाही म्हणून कलम 4 लागत नाही. माझ्या मते दुरुस्ती हवी ती इथं. दर पुन्हा सरकारनं बांधून द्यावेत असं मला वाटत नाही. ते दिवस ज्यांनी पाहिलेत, फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली, ते कुणीच तसं म्हणणार नाहीत.

तिसरा प्रश्न: कुणाकडे जायचं? इथं आणखी एक गुंता आहे. 2016 मध्ये जिओचे कॉल बाकीच्यांच्या नेटवर्कवर मोठ्या प्रमाणात फेल जात होते, कारण दोन नेटवर्क जोडणारे सांधे पुरेसे दिले जात नव्हते. ट्रायनं ऑक्टोबर 2016 मध्ये तिघांवर मिळून 3050 कोटींच्या दंडाची शिफारस केली: एअरटेल आणि व्होडाफोनला 21 सर्कलचे, आयडियाला 19 सर्कलचे, सर्कलमागं 50 कोटी. तेच प्रकरण स्पर्धा आयोगाकडेही गेलं. मुंबई उच्च न्यायालयानं आयोगाचा चौकशीचा आदेश रद्द केला, आणि 5 डिसेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं क्रम लावून दिला. आधी ट्रायनं तांत्रिक वस्तुस्थिती ठरवायची, मग त्यात संगनमत किंवा गैरवापर दिसला तर आयोगानं बघायचं. त्यामुळे गावच्या रेंजचा कागद घेऊन थेट आयोगाकडे गेलात तर फीचे पैसे जातील आणि हाती काही लागणार नाही. ट्रायही एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही.

मग उरतं काय? हे परिस्थितीवर आहे. गावात टॉवरच नाही, टॉवर आहे पण डोंगर आड येतो, की टॉवर आहे आणि वीज गेली की झोपतो, या तिन्हीला औषध वेगळं. ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांनुसार कंपन्यांना आपला कव्हरेज नकाशा संकेतस्थळावर टाकावा लागतो. तुमचं गाव त्यात रंगवलेलं असेल आणि प्रत्यक्षात रेंज नसेल, तर तुमच्या हातात पुरावा आहे. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, कंपनीकडे तक्रार करून क्रमांक घ्या, उत्तर पटलं नाही तर त्यांच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. तिथं दूरसंचारची तक्रार चालते, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

नकाशातच गाव कोरं असेल तर वाट वेगळी. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन सरकारी पैशातून होणाऱ्या 4जी टॉवरच्या योजनेसाठी पाठपुरावा करावा लागेल. जुलै 2022 मध्ये केंद्रानं वंचित गावांसाठी ती मंजूर केली आहे. शिवाय जानेवारी 2025 पासून सरकारी निधीतून उभारलेल्या 4जी टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवरून सेवा घेता येण्याची सोय सुरू झाली. जवळपास असा टॉवर असेल तर वेशीपर्यंतची फेरी वाचू शकते. खरं सांगायचं तर डोंगराळ भागात स्पर्धा आणण्यापेक्षा टॉवर वाटून घेणं जास्त कामाला येतं. पंधरा-वीस उंबऱ्यांच्या वस्तीला तीन टॉवर कुणालाच परवडणार नाहीत.

एक पैशाची गोष्ट राहिली. तुमच्याकडून बरीच माणसं ऊसतोडीला जातात, मागं म्हाताऱ्यांकडे साधा फोन असतो, आणि त्यांना नेटचं काहीच काम नसताना डेटाचा रिचार्ज मारावा लागतो. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक रिचार्ज ठेवायला भाग पाडलं आणि अशा रिचार्जची कमाल मुदत 90 वरून 365 दिवसांवर नेली. दुकानदार तो स्वतःहून दाखवत नाही. नाव घेऊन मागा.

आणि तक्रार लिहिताना ‘रेंज येत नाही’ एवढंच लिहू नका. आठवडाभर वही ठेवा. तारीख, वेळ, घरात कांडी किती, अंगणात किती, किती कॉल लागले आणि किती तुटले, टॉवरची वीज तेव्हा होती का. फोन एकाच खांबाला टांगल्यावर वाजत असेल तर तेही लिहा आणि त्या खांबाचा फोटो जोडा. आतेभावाला मी हेच सांगितलंय. त्याची वही सध्या चौथ्या पानावर आहे.